कोंबड्यांची गादी : भुसा कोरडा ठेवा, कमी वेळा उचला



कुक्कुटपालनाच्या पाठात आपण पिल्लं, खाद्य, लसीकरण यावर पुष्कळ बोलतो. पण ज्याच्यावर ती पिल्लं चोवीस तास बसतात, चालतात, झोपतात, त्या गादीबद्दल दोन ओळींत आटपतो. ‘खाली भुसा टाकावा’ एवढंच. तो भुसा आणायचा कुठून, ठेवायचा कसा, शेडपर्यंत न्यायचा कसा, हे कुणी सांगत नाही. म्हणून या महिन्याचा पाठ भुशाचा. इथे भुसा म्हणजे लाकडाचा भुसा, जनावरांना घालतो तो गव्हाचा नव्हे.

आधी आमच्या गटाची चूक सांगते, म्हणजे हा पाठ का लिहिला ते कळेल.

आमच्या गटाने पहिली १०० पिल्लं आणली ती जुलैमध्ये. भुसा आठ दिवस आधी वखारीतून आणला. येताना पाऊस लागला. गोण्या थोड्या ओल्या झाल्या, पण वरवर ओल्या आहेत, वाळतील, असं म्हणून शेडच्या कोपऱ्यात जमिनीवरच थप्पी लावली आणि वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळलं. पिल्लं आली त्या दिवशी गोण्या उघडल्या तर कुबट वास आला. आतला भुसा कोमट लागत होता, कुठे कुठे पांढरट-हिरवट गठ्ठे होते. घाई होती. गठ्ठे हाताने फोडले आणि पसरून टाकला.

चौथ्या दिवशी पिल्लं मान लांब करून, चोच उघडी ठेवून श्वास घ्यायला लागली. घशातून घरघर नाही, आवाज नाही, नुसती धाप. आम्हाला वाटलं थंडी लागली. बल्ब खाली घेतला, पडदे घट्ट लावले. त्याने आणखी बिघडलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मेलेलं एक पिल्लू उघडून दाखवलं. फुप्फुसावर ज्वारीच्या कण्यांसारखे पिवळट-पांढरे ठिपके होते. ते म्हणाले, ही बुरशी आहे, गादीतून आली. यावर औषध नाही, गादी बदला. दहा दिवसांत १०० पैकी ३४ पिल्लं गेली. कर्जाचा हप्ता मात्र १०० पिल्लांचाच भरावा लागला. बैठकीत हे सांगताना मान वर होत नव्हती.

ती पिल्लं रोगाने गेली असं आम्ही वर्षभर म्हणत होतो. खरं म्हणजे ती आमच्या साठवणुकीने गेली.

भुसा कशाला लागतो?

कोंबडीची विष्ठा पातळ असते, तिच्यात पाणी भरपूर असतं. भुसा ते पाणी शोषून घेतो आणि हवा लागली की सोडून देतो. म्हणून जमीन कोरडी राहते, पायाला जखमा होत नाहीत, थंडीत ऊब मिळते. पण जो भुसा आधीच पाणी पिऊन बसलाय, तो आणखी काय शोषणार? ओल्या गादीत तीन त्रास एकदम सुरू होतात. बुरशी वाढते. रक्ती हगवणीचे जंतू जोर धरतात. आणि विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो, त्याने पिल्लांचे डोळे चुरचुरतात, पाणावतात.

हा वायू आपल्याला उभं राहून कळत नाही. शेडमध्ये गेल्यावर गुडघ्यावर बसा, पिल्लाच्या उंचीला नाक न्या आणि मग वास घ्या. आपल्या डोळ्यांत पाणी आलं तर पिल्लं दिवसभर काय सोसत असतील ते समजेल.

विकत घेतानाच तपासा

लाकडापासून निघणारा भुसा दोन प्रकारचा. करवतीचा बारीक भुसा, आणि सुतार रंधा मारतो तेव्हा निघणाऱ्या कुरळ्या सालपट्या. पिल्लांसाठी सालपट्या जास्त चांगल्या, कारण धूळ कमी आणि त्या लवकर दबून बसत नाहीत. अगदी बारीक पिठासारखा भुसा घेऊ नका. पिल्लं तो दाणा समजून खातात आणि धूळ नाकात जाते. कोकणात आणि भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्या बायांना भातगिरणीतून तूस मिळतं, तेही उत्तम. खाली सांगितलेली साठवणूक तुसालाही तशीच लागू आहे.

घेताना एवढं बघा :

१. ओंडके कापणाऱ्या सॉ मिलमध्ये बऱ्याचदा ओलं लाकूड कापतात. त्याचा भुसा दिसायला कोरडा, पण आतून ओलाच असतो. सुताराकडचं लाकूड बहुतेक वाळलेलं असतं, म्हणून त्याचा भुसा कोरडा मिळतो.

२. गोणीत कोपरापर्यंत हात घाला. वरचा भुसा बघून घेऊ नका. आत गार-ओलं किंवा कोमट लागलं, कुबट वास आला, तर ती गोणी परत.

३. प्लायवूड, रंगवलेलं किंवा वाळवीचं औषध मारलेलं लाकूड कापलेलं असेल तर तो भुसा नको. त्यात गोंद, रंग आणि विषारी औषधं असतात. दुकानदाराला स्पष्ट विचारा.

४. खिळे, चुका, लाकडाच्या अणकुचीदार चिरफळ्या चाळून काढा.

५. गोण्या आपल्या घरच्या न्या. दुसऱ्या पोल्ट्रीतून आलेल्या खाद्याच्या किंवा भुशाच्या रिकाम्या गोण्या वापरू नका. २००६ साली फेब्रुवारीत देशातली पहिली बर्ड फ्लूची साथ आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळली होती. असे रोग विष्ठेने माखलेल्या वस्तूंवरून, गाडीच्या चाकावरून, चपलेवरून दुसऱ्या शेडमध्ये जातात. फुकट मिळालेली गोणी महागात पडते.

किती भुसा लागेल? हिशोब करू

समजा शेड १० फूट रुंद आणि २० फूट लांब आहे. म्हणजे २०० चौरस फूट. पिल्लांसाठी २ ते ३ इंच जाडीची गादी लागते. ३ इंच म्हणजे पाव फूट. २०० ला पाव ने गुणलं की ५० घनफूट भुसा झाला.

५० किलो गहू मावणाऱ्या गोणीत साधारण सव्वादोन घनफूट भुसा बसतो. म्हणजे आपल्याला २२ गोण्या लागतील. कोरड्या भुशाची अशी एक गोणी साधारण १२ ते १५ किलोची भरते. भुसा किती बारीक आणि किती दाबून भरलाय त्यावर वजन बदलतं, म्हणून एक गोणी काट्यावर टाकून बघाच. आपण १३ किलो धरू.

आता खरा प्रश्न. या २२ गोण्या किती वेळा उचलल्या जातात?

वखारीतून टेम्पोत, एकदा. टेम्पोतून रस्त्याच्या कडेला, दोनदा. तिथून अंगणात, तीनदा. पाऊस आला म्हणून अंगणातून पडवीत, चारदा. पडवीतून शेडमध्ये, पाचदा. २२ गोण्या पाच वेळा म्हणजे ११० उचली. प्रत्येक वेळी १३ किलो. एकूण १४३० किलो! जवळजवळ दीड टन वजन आपण बायकांनी कमरेवर, डोक्यावर घेतलं, आणि हिशोबाच्या वहीत त्याचा रकाना नाही. भुसा ओला असेल तर हेच वजन दीडपट-दुप्पट होतं.

टेम्पो थेट साठवणीच्या दारापर्यंत आला आणि साठवण शेडला लागूनच असली, तर उचली तीन होतात. वखारीत एक, उतरवताना एक, पसरताना एक. ११० च्या ६६ झाल्या, १४३० किलोचे ८५८ किलो झाले. वखारीतल्या हमालाने टेम्पोत भरून दिलं तर आपल्या वाट्याला दोनच उचली, ५७२ किलो. पैसे तेवढेच, भुसा तेवढाच. फक्त जागा आधी ठरवली.

तेव्हा भुसा आणण्याआधी बैठकीत एकच प्रश्न विचारा : गोणी पहिल्यांदा जिथे उतरेल, तिथेच ती वापरेपर्यंत राहील का?

साठवण कशी करावी

जागा : शेडच्या शेजारी, पण शेडच्या आत नको. पिल्लांच्या बल्बजवळ किंवा शेगडीजवळ तर अजिबात नको. न गळणारं छप्पर, उंचवट्याची जमीन, पावसाचं पाणी वाहून जाईल असा चर.

बूड : गोण्या जमिनीवर ठेवू नका. जमिनीची ओल खालून चढते आणि वाळवी लागते. विटा मांडून त्यावर फळ्या किंवा बांबू टाका, जमिनीपासून वीतभर उंच. भिंतीपासूनही हातभर अंतर सोडा. मागे हवा खेळते, आणि उंदीर, विंचू, साप दडलाय का ते बघता येतं. थप्पीत हात घालण्याआधी काठी आपटायची सवय लावा.

झाकण : ताडपत्री वरून टाका, पण बाजू मोकळ्या ठेवा. पावसाची झड ज्या बाजूने येते तेवढीच बाजू बंद करा. आम्ही केलं तसं घट्ट गुंडाळू नका. आतली ओल आतच राहते आणि बुरशीला घर मिळतं.

वेळ : पावसाळ्याचा भुसा एप्रिल-मेमध्येच आणून ठेवा. खळ्यावर किंवा स्लॅबवर चार बोटं जाडीने पसरा, दिवसातून दोनदा दंताळ्याने वरखाली करा, दोन-तीन कडक उन्हं द्या. गार झाल्यावर भरा. मृग लागायच्या आत गोण्या छपराखाली गेल्या पाहिजेत.

क्रम : आधी आलेला भुसा आधी वापरा. गोणीवर खडूने महिना लिहा.

बुरशी आलेला भुसा वाळवून वापरू का, असं पुष्कळ जणी विचारतात. नाही. वाळवल्याने ओल जाते, बुरशीचे बीजकण जात नाहीत. तो भुसा सरळ खताच्या खड्ड्यात टाका. गोणी वाचवण्याच्या नादात पिल्लं घालवू नका.

आगीपासून जपा

भुसा धडधडून पेटण्याआधी आतल्या आत धुमसतो. बाहेरून काही दिसत नाही. चुलीतली ठिणगी, विडीचं थोटूक, लोंबकळणारी वायर, भुशाला टेकलेला बल्ब, यातलं एकही पुरेसं आहे. शिवाय ओल्या भुशाचा मोठा ढीग आतून स्वतःच तापतो, जसा शेणखताचा ढीग तापतो. म्हणून ढीग मोठा आणि उंच करू नका.

मोठा साठा असेल तर आठवड्यातून एकदा लोखंडी सळई ढिगात खोल खुपसा, १५ मिनिटांनी काढा आणि हात जवळ नेऊन बघा. हात लावता येणार नाही इतकी गरम असेल तर ढीग आतून तापलाय. पाणी हाताशी ठेवूनच तो मोकळा करून पसरायचा. धूर येत असेल तर एकटीने ढीग उकरू नका. उकरलं की आत हवा जाते आणि भडका उडतो. आधी माणसं बोलवा, पाणी आणा, बाहेरून भिजवत न्या. साठवणीजवळ पाण्याचं पिंप आणि वाळूच्या दोन बादल्या कायम भरलेल्या हव्यात.

उचलताना, पसरताना : आपलं अंगही जपा

लाकडाची धूळ साधी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीची नोंद माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत केली आहे. हा धोका मुख्यतः रोज, वर्षानुवर्षं त्या धुळीत काम करणाऱ्यांना. आपण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा भुसा पसरतो, म्हणून घाबरून जायचं कारण नाही, पण हलक्यात घ्यायचंही नाही. दमा असणाऱ्या मैत्रिणीला एका दिवसाची धूळही भारी पडते. सागाच्या बारीक भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते.

पदर नाकाला लावून भागत नाही, बारीक धूळ त्यातून आत जाते. करोनात आपण वापरला तो एन-९५ मास्क गटाने चार-पाच आणून ठेवावा. गोणी उंचावरून झटकू नका. जमिनीवर आडवी ठेवून तोंड सोडा आणि हळूच ओढत रिकामी करा. वारा पाठीवर घ्या. पडदे उघडे ठेवा. पिल्लं यायच्या एक दिवस आधीच गादी पसरा म्हणजे धूळ खाली बसते. गरोदर बाई, दम्याची बाई आणि लहान मुलं या कामात नकोत.

वजनाचं म्हणाल तर, गोणी उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघे वाकवा, गोणी पोटाशी धरा. दोघींनी मिळून उचला. गवंडी विटा वाहायला वापरतात ती एकचाकी गाडी ग्रामसंघाने एक घेतली तर पाच गटांना पुरते. तीही नसेल तर जुनी ताडपत्री जमिनीवर अंथरा, तिच्यावर तीन-चार गोण्या ठेवा आणि दोघींनी ओढत न्या. पावसात निसरड्या वाटेवर डोक्यावरून गोणी नेऊ नका.

गादी पसरल्यावर

पहिले तीन-चार दिवस भुशावर वर्तमानपत्राचा कागद अंथरा आणि रोज बदला, म्हणजे पिल्लं भुसा खाणार नाहीत. गुळगुळीत, चकचकीत कागद नको, पाय घसरतात. पक्षी मोठे होतील तशी गादी वाढवत ४ ते ६ इंचांपर्यंत न्या. दोन-तीन दिवसांनी दंताळ्याने वरखाली करा. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भुसा रोज काढून तिथे कोरडा टाका.

मुठीची परीक्षा लक्षात ठेवा. मूठभर गादी घट्ट दाबा आणि हात उघडा. लाडूसारखा गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. गोळा अजिबात न होता धूळ उडाली तर जास्तच कोरडी आहे. गोळा होऊन लगेच विस्कटला तर गादी बरोबर.

जुनी गादी फेकू नका

मुरलेल्या गादीत साधारण ३ टक्के नत्र, २ टक्के स्फुरद आणि २ टक्के पालाश असतं. पण ती ताजी शेतात घालू नका. भुसा कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळं पडतं. शेणाचे थर देऊन, ओल राखून, अधूनमधून उलथून तीन-चार महिने कुजवा. हा खड्डा शेडपासून आणि विहिरीपासून दूर हवा. गादी काढायला वापरलेलं फावडं, घमेलं धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय नवा भुसा त्याने हलवू नका.

या महिन्याच्या बैठकीत एवढं करा

१. आपल्या शेडची लांबी-रुंदी मोजून किती गोण्या लागतील ते काढा.

२. मागच्या वेळी गोणी किती वेळा उचलली, कुणी उचलली, ते प्रत्येकीने सांगा. एकूण किलो फळ्यावर लिहा.

३. साठवणीची जागा सगळ्या जणी चालत जाऊन बघा. बूड, छप्पर, वायर तपासा. पशुसखीला सोबत घ्या.

४. हिशोबाच्या वहीत ‘भुसा’ या खर्चाखाली आणखी एक ओळ वाढवा : आपली मजुरी, तासांत. आपण गटातल्याच म्हणून आपले तास फुकट नाहीत. नफा काढताना ते धरले नाहीत तर धंदा परवडतो की नाही हे कधीच कळणार नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही भुसा मेमध्ये आणला, उन्हं दिली, विटांवर फळ्या टाकून ठेवला. गोण्या दोनदाच उचलल्या. पिल्लं आली त्या दिवशी गोणी उघडली तर नुसता लाकडाचा वास आला, वखारीत येतो तसा कोरडा, स्वच्छ. त्या वेळी १०० पैकी ९५ पिल्लं जगली. आधीच्या वर्षी मान खाली घालणाऱ्या आम्हीच त्या बैठकीत हिशोब मोठ्याने वाचला.

तुमच्या गोणीला कसला वास येतो, ते आज संध्याकाळी जाऊन बघा.